काळ्या वायरीवरचं सूत

आबा, गेल्या रविवारी मी तेलगिरणीच्या चेअरमनच्या घरी जाऊन तुम्ही बसवलेला, दिवा कमी-जास्त करायचा डिमर काढला आणि तिथं साधा स्विच लावला. काम पाऊण तासाचं होतं, मला अडीच तास लागले. मला कोणी बोलावलं नव्हतं. आई बोलता बोलता म्हणाली होती की त्या घराला रंग द्यायचं चाललंय, नातवाचं लग्न आहे, आणि बैठकीतला तो इतकी वर्षं बंद असलेला दिवा आता चालू करायचा म्हणून जवळच्या वाशीहून वायरमन येणार आहे. वायरमन आला असता तर त्यानं दहा मिनिटांत जुनं सगळं ओढून काढलं असतं आणि कचऱ्यात टाकलं असतं, आणि त्याबरोबर मला जे बघायचं होतं तेही गेलं असतं. म्हणून मी त्याच्या आधी गेले. मला एकच गोष्ट बघायची होती. डिमरमागच्या त्या बॉक्समध्ये चूक कोणाची होती, तुमची की माझी.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आता मी उस्मानाबादेत सूतगिरणीत असते, देखभाल विभागात. डिप्लोमा झाला, सुपरवायझरचं लायसन मिळालं. हाताखाली चार माणसं आहेत, चौघंही माझ्याहून मोठे. तोंडावर मॅडम म्हणतात, पाठीमागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे. रविवारी येडशीला गाडी बदलून गावाकडं येते, संध्याकाळी परत जाते. आईशी बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, तो काही बदललेला नाही.

तो दिवस मी क्रमानं लिहिते. दुष्काळ सरून दुसरा उन्हाळा होता. पाझर तलावाचं काम बंद झालं होतं, आई खडी फोडण्यातून सुटली होती, आणि तुम्ही सोसायटीच्या तेलगिरणीत वायरमन म्हणून लागला होता. मोटारी, स्टार्टर, सगळं तुमच्याकडं. सुट्टीच्या दिवशी गावातली घरगुती वायरिंगची कामं करायचात. गिरणीच्या चेअरमननी सिमेंटचं नवं घर बांधलं आणि भिंतीच्या आतून पाइप घालून वायरिंग करायचं ठरवलं. तोवर आपल्या भागात वायर लाकडी पट्टीवरून उघडी जायची, कुठली कुठं गेली ते डोळ्यांना दिसायचं. पाइपात घातली की दिसत नाही. त्यात खरेदी-विक्री संघाच्या दुकानात त्या वर्षी एकाच रंगाची वायर आली होती, काळी. गरम वायर काळी आणि थंड वायरही काळी. तुम्ही फेजला गरम म्हणायचात आणि न्यूट्रलला थंड. जिच्यातून वीज येते ती गरम, जिच्यातून परत जाते ती थंड. बटण नेहमी गरम वायरीवर बसवायचं, म्हणजे बटण बंद केलं की दिव्यापर्यंत काही पोचत नाही. थंड वायरीवर बसवलं तरी दिवा तसाच लागतो आणि तसाच विझतो, बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरात वीज उभी असते. हे मला पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं त्याच्या कितीतरी आधी तुम्ही आपल्या ओट्यावर बसून शिकवलं होतं, हातात ज्वारीच्या दोन काड्या धरून.

रंग एकच असल्यावर तुमची एक रीत होती. ती मी नंतर कुठल्या पुस्तकात पाहिली नाही. मेनकडच्या, म्हणजे मुख्य स्विचकडच्या टोकाला तुम्ही गरम वायरीवर पांढऱ्या सुताची गाठ मारायचात, दोन वेढे देऊन. मग तीच वायर तिथून ओढायचात, आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला जो उभा असेल त्यानं जी वायर हलेल तिच्यावर तसंच सूत बांधायचं. त्या उन्हाळ्यात दुसऱ्या टोकाला मी असायचे. तेरा वर्षांची होते, शाळेला सुट्टी होती, आणि माझी बोटं बॉक्समध्ये सहज जायची. चेअरमनच्या घरी आपला चहा वेगळ्या कपांत यायचा. ते कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथे घातलेले असायचे, आणि प्यायल्यावर आपणच धुऊन तिथं ठेवायचे. पण वायर ओढायला देवघराच्या भिंतीपर्यंत जावंच लागायचं, आणि तिथं आपल्याला कोणी अडवायचं नाही. मी तुम्हाला याबद्दल एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "लाईट पायजे न्हवं त्यान्ला."

डिमर चेअरमननी मुंबईहून आणला होता. सहकाराच्या कुठल्याशा बैठकीला गेले होते, तिथं उतरले त्या खोलीत दिवा कमी-जास्त करायचं बटण होतं, ते त्यांच्या मनात भरलं. गोल, काळं, कडेला पितळी पट्टी, आणि पूर्ण डावीकडं फिरवलं की टक् आवाज होऊन बंद. तुम्ही ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं, कानाशी धरून फिरवलं. मला म्हणालात, "ह्येला बी दोनच टोकं हाईत. नवीन कायबी न्हाय."

मी बैठकीत उभी आहे. बॉक्स माझ्या छातीइतक्या उंचीवर आहे. पाइपातून दोन काळी टोकं बाहेर आली आहेत, एक खिडकीकडं वळलेलं, एक दाराकडं. तुम्ही पुढच्या सोप्यात मेनपाशी आहात, मधे दोन भिंती आहेत आणि पाइपाला तीन वळणं. दाराला टेकून चेअरमनची मुलगी उभी आहे, माझ्याच वर्गातली. ती विचारते, "तुला खरंच येतंय का, का नुसतीच हुबी ऱ्हातीस?" तुम्ही तिकडून ओरडता, "हलली का?" दोन्ही हलल्या आहेत. सहज सरकाव्यात म्हणून शिरगोळ्याची पूड लावूनही वायरी एकमेकींना चिकटून आल्या आहेत आणि तुमच्या एका ओढीला दोन्ही टोकं अर्धं बोट सरकली आहेत. खिडकीकडचं थोडं जास्त सरकलं असं मला वाटतं. वाटतं, एवढंच. अशा वेळी "पुन्हा ओढा" म्हणायचं असतं, हे तुम्ही शिकवलेलं आहे. पण दारातली ती बघते आहे. मी म्हणते, "हलली!" तुम्ही विचारता, "कंची?" मी म्हणते, "खिडकीकडची." तुम्ही म्हणता, "मंग मार गाठ." मी सूत गुंडाळते, दोनाऐवजी तीन वेढे देते, सुटू नये म्हणून.

तुम्ही आलात, सूत बघितलंत आणि त्या वायरीवर डिमर जोडलात. तपासलं नाहीत, कारण दुपारपासून लाईट गेलेली होती आणि वीज नसताना टेस्टर काही सांगत नाही. लाईट आली तेव्हा दिवस मावळत होता आणि बैठकीत पंधरावीस माणसं जमली होती. चेअरमननी बटण फिरवलं. "ही दुपार," म्हणाले. मग डावीकडं फिरवत, "ही सांज." कोणीतरी म्हणालं, "बलप दमला की वो!" दारातला एक म्हातारा म्हणाला, "आमच्या घरी तर रोजच कमी-जास्त हुतंय, त्येला मुंबईला कशाला जायाचं?" सगळे हसले, चेअरमनही हसले. तुम्ही त्यांना म्हणालात, "उद्या सकाळी यिऊन एकडाव बघतो." ते म्हणाले, "आता काय बघायचं ऱ्हायलं? लागतोय की!" दुसऱ्या दिवशी पहाटेच गिरणीतली मोठी मोटार जळाली आणि तुम्ही तिकडं गेलात. ते बघणं राहून गेलं.

दिवाळीच्या आधी साफसफाईत आक्का स्टुलावर चढल्या. आक्का म्हणजे चेअरमनच्या पत्नी. सगळं गाव त्यांना आक्काच म्हणतं. त्यांनी डिमर टक् होईपर्यंत फिरवला, बल्ब काढला आणि ओल्या फडक्यानं होल्डर पुसायला गेल्या. शॉक बसून स्टुलावरून खाली पडल्या. खुबा मोडला. जीपमध्ये गादी टाकून त्यांना सोलापूरला नेलं. वाशीच्या वायरमननं येऊन डिमर बंद असताना होल्डरात टेस्टर धरला, तो पेटला. एवढ्यावर त्यानं सांगितलं की वायर उलटी जोडली आहे. बॉक्स त्यानं उघडलाच नाही. त्या लाईनचा फ्यूज काढून ठेवला, भिंतीवरून वेगळी वायर टाकून ट्यूब बसवली आणि डिमरवर कॅलेंडर टांगलं.

तुम्हाला बोलावलं तेव्हा मी बरोबर होते, फाटकापाशी उभी. चेअरमननी विचारलं, "जोडलं कुणी?" तुम्ही म्हणालात, "म्या." त्यांच्या भावानं विचारलं, "पोरगी बी काम करीत हुती म्हणं?" तुम्ही लगेच म्हणालात, "पोरगी नुसती पक्कड द्याला हुती. काम समदं माझं." "मग चुकलं कसं?" तुम्ही पायांकडं बघत म्हणालात, "आठवत न्हाय." चेअरमनचा भाऊ म्हणाला, "पक्कड हातात दिली म्हंजे वायरमन हुतंय व्हय? ज्येचं त्येनं करावं." आपल्या माणसाची चूक एकट्याची राहत नाही, ती सगळ्या वस्तीची होते, हे मला त्या दिवशी कळलं. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. मी नुसती पक्कड द्यायला होते, हे तुम्ही म्हणालात ते. अख्खा उन्हाळा मी काम केलं होतं.

घरी आई भाकरी थापत होती. तुम्ही चुलीपाशी भिंतीला टेकून बसला होता. मी उभ्याउभ्याच विचारलं, "आबा, तुम्ही चुकलात का? हो किंवा नाही सांगा." तुम्ही म्हणालात, "आठवत न्हाय, बाई." मी म्हटलं, "ज्याला आठवत नाही त्यानं वायरीला हात लावू नये." आईचा हात परातीत थांबला. "त्वांड आवर," ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "बोलू दी. खरं हाय तिचं." हे सगळं मी शब्दाला शब्द लिहिते आहे, कारण हे मला नीट आठवतं. दोन्ही वायरी हलल्या होत्या तेही मला तेव्हा आठवत होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही.

गिरणीतलं काम सुटलं. घरगुती वायरिंगला कोणी बोलावेना. तुम्ही विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वेटोळी भरून द्यायला लागलात, आपल्याच ओट्यावर, तांब्याची तार मांडीवर घेऊन. मी शेजारी बसायचं सोडलं. तुम्ही पाना मागितला की आणून द्यायचे आणि आत जायचे. नववीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही मला तुमचा टेस्टर दिलात, खिशाला अडकवायचा चाप तुटलेला. म्हणालात, "खूण कुणाची का आसंना, आपण हे लावून बगायचं, मंगच हात घालायचा." मला वाटलं, ही तुमची कबुली आहे, फक्त सरळ देत नाही आहात. मी टेस्टर घेतला आणि आत गेले. पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही गेलात.

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी मला एक तिसरी शक्यता सापडली. काही डिमर असे असतात की ते अगदी कमी केल्यावर दिवा विझलेला दिसतो, पण वाट पूर्ण तुटलेली नसते, वीज पुढं जातच असते. चेअरमनचा डिमर तसा असेल, तर वायर सरळ जोडली असतानाही होल्डरात टेस्टर पेटला असता. मग चूक तुमचीही नाही आणि माझीही नाही. मी ही शक्यता वहीत आकृतीसकट लिहून ठेवली. दहा वर्षं मी ती धरून होते. तिच्या विरोधात जाणारी गोष्ट एकच होती, तो टक् आवाज. पण आवाज झाला म्हणजे आतला संपर्क तुटलाच असं नाही, असं मी स्वतःला सांगायचे.

रविवारी मी गेले तेव्हा सोप्यात रंगाचे डबे पसरले होते. चेअरमन आता नाहीत. त्यांचा मुलगा मला ओळखून म्हणाला, "मॅडम, तुमी कशाला तरास घेता? दुपारी वायरमन येतोय की." मी म्हटलं, "तो आला तर त्याला परत पाठवा." आक्का बैठकीत खुर्चीत बसल्या होत्या, काठी गुडघ्यांवर आडवी. आता साठीच्या पुढं असतील. "कोण ही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तेलगिरणीत वायरमन होते त्यांची मुलगी." रंगारी ब्रश धरून थांबला. मग आक्का म्हणाल्या, "करू दी तिला."

मी मेन बंद केलं, कॅलेंडर काढलं, डिमरचे दोन स्क्रू सोडवले आणि तो वायरींसकट पुढं ओढला. आधी डिमर सोडवून त्याच्या दोन टोकांना मीटर लावला आणि बटण टक् होईपर्यंत फिरवलं. काटा हलला नाही. संपर्क स्वच्छ तुटत होता. दहा वर्षं धरलेली शक्यता तेवढ्यात संपली. मग वायरी बघितल्या. डिमर ज्या वायरीवर होता तिच्यावर सूत होतं, मळून चहाच्या रंगाचं झालेलं, तीन वेढे. सोप्यात जाऊन मेन उघडलं. तिथंही सूत होतं, दोन वेढे, फ्यूजकडं जाणाऱ्या वायरीवर, जिथं असायला हवं तिथंच. फ्यूज घातला, मेन चालू केलं आणि तुमचा टेस्टर लावला. मेनपाशी सुताच्या वायरीवर तो पेटला. बैठकीत सुताच्या वायरीवर पेटला नाही, बिनसुताच्या वायरीवर पेटला. म्हणजे मेनकडची खूण एका वायरीवर होती आणि बॉक्समधली दुसऱ्याच. तुमची गाठ बरोबर होती, माझी चुकीची. मी तीनदा बघितलं. एकदा बघितलं असतं तरी पुरलं असतं.

तुम्ही तो बॉक्स परत उघडला नाहीत, आणि उघडायची गरजही नव्हती. मेनकडची गाठ तुमची होती, म्हणजे चूक दुसऱ्या टोकालाच असणार, हे तुम्हाला फाटकातून आत जायच्या आधीच कळलं असेल. "पोरगी नुसती पक्कड द्याला हुती" हे वाक्य तुम्ही तयार ठेवलं होतं. त्या दिवशी माझं नाव आलं असतं तर मला कोणी पुन्हा वायरीजवळ उभं केलं नसतं, पॉलिटेक्निक तर लांबच. हे आता मला दिसतं. एक गोष्ट मात्र इथं लिहायलाच हवी, नाहीतर हे पत्र खोटं होईल. तपासायचं काम तुमचं होतं. माझ्या हाताखालच्या माणसानं आज न तपासता लाईन सोडली तर अहवालात मी त्याचंच नाव लिहीन, खूण करणाऱ्या पोरीचं नाही. तेवढी चूक तुमची. टेस्टर देताना तुम्ही स्वतःबद्दल बोलत होता की माझ्याबद्दल, ते मला अजून ठरवता येत नाही. दोघांबद्दलही असेल.

मी वायरींची अदलाबदल केली, गरम वायर नव्या स्विचला दिली आणि स्विच पट्टीवर बसवला. साधा पांढरा, खाली दाबला की लागणारा. स्विच बंद ठेवून, स्टुलावर चढून होल्डरात टेस्टर धरला. तो पेटला नाही. बल्ब लावला. आक्का उठल्या आणि काठीच्या मुठीनं स्विच दाबला. त्यांचा मुलगा हसत म्हणाला, "तवापासनं आक्का समदी बटणं काठीनंच दाबत्यात." दिवा लागला.

मुलगा रंगाऱ्याला घेऊन बाहेर गेला. मी पक्कड, स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवले आणि मग बोलले. "आक्का, त्या वेळी वायरीवर खूण मी केली होती. ती चुकली. आबांची गाठ बरोबर होती. मी आत्ता दोन्ही बघितल्या."

आक्का माझ्याकडं वळल्या. "म्हंजे तू?"

"मी. तेरा वर्षांची होते."

"मग त्येनं तवा का सांगितलं न्हाय?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत न्हाय?" आक्का म्हणाल्या. "एवढी शिकलीस, मानसं हाताखाली हाईत म्हणं, आन एवढं कळंना व्हय तुला?"

त्या परत खुर्चीत बसल्या, एक हात खुब्यावर ठेवून. "पायाचं मला आता काय न्हाय. पाय गेला त्यो गेला. पर म्या सोलापूरवरनं आल्यावर त्यो मला बगाया आला हुता. ह्या दारात हुबा हुता, आत ये म्हनलं न्हाय म्या. बाजंवरनंच लई बोलले. त्येच्या जातीवर गेले. त्येनं मान वर केली न्हाय. आता ते म्या कुनापाशी माघारी घिऊ?"

तुम्ही त्यांना बघायला गेला होता हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आबा. आईलाही नाही.

"मी हे चारचौघांत सांगायला तयार आहे," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाल त्यांच्यासमोर."

"चारचौघांचं काय करायचं मला?" आक्का म्हणाल्या. "निम्मी तर मेली. तुझ्या आईला सांग आदी. ती ह्या घराची पायरी चढली न्हाय तवापासनं. रस्त्यानं दिसली की मान खाली घालती. चूक आपल्या घरातली, म्हनून. तिला सांग जा." मग म्हणाल्या, "च्या पिऊन जा." चहा आला तो घरातल्या कपात आला. मी अर्धा प्याले. बरं वाटलं असं मी म्हणणार नाही.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या घराचं नाव ती कधी काढत नाही. रंगाचं बोलली होती तेही शेजारणीचं म्हणून. "काय निगालं?" तिनं विचारलं.

वाटेत मी सगळं वाक्य जुळवून ठेवलं होतं. मेनकडची गाठ, बॉक्समधली गाठ, दोन्ही वायरी हलल्या होत्या, मी पुन्हा ओढा म्हटलं नाही. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "डिमरच खराब होता. बंद केला तरी आतून बंद होत नव्हता."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे त्येंचं चुकलं न्हवतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. मी आत जाऊन हातपाय धुतले. बाहेर ती शेजारणीला हाक मारून सांगत होती, "आगं, त्या यंत्रातच खोट हुती म्हणं!" तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

आईला मी दोन गोष्टी सांगितल्या. दुसरी, तुमचं चुकलं नव्हतं ही, बरीचशी खरी आहे. पहिली खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचं मी माझ्याच मीटरवर बघितलं होतं. यंत्राला दोष दिला की तुमची सुटका होते, आणि माझी आपोआप होते. तुम्ही माझ्यासाठी केलं ते मला माहीत नसताना केलंत. मी हे खरं काय ते माहीत असून केलं, आणि ते तुमच्यासाठी केलं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आज पुन्हा रविवार आहे. दुपार झाली आहे, गिरणीच्या वसाहतीत सगळीकडं रेडिओ चालू आहेत. मी गावाला गेले नाही. गिरणीत तातडीचं काम निघालंय असा आईला निरोप पाठवला. काम काही निघालेलं नाही.